व्हिसा टुरिस्ट आणि नोकरी डेटा एन्ट्रीची? जरा थांबा

आजचा भाग नांदेड-लातूरकडच्या त्या पोरांसाठी, जे बाहेरदेशी कामाला जायचं म्हणतायत. इअरफोन काढून घरच्यांनाही ऐकवा, कारण पैसे शेवटी तेच उभे करतात. कुणी वावर गहाण ठेवतं, कुणी सोनं.

व्हॉट्सॲपवर, टेलिग्रामवर एक जाहिरात फिरत असते. थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, महिना ८० हजार, राहणं-खाणं कंपनीचं. आणि शेवटी, "सध्या टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट इथं आल्यावर काढून देऊ." पगाराचा आकडा सोडा, हे शेवटचं वाक्य वाचा. टुरिस्ट व्हिसा फिरायला असतो. त्यावर कामाला लागलात की तुम्हीच बेकायदा ठरता. मग तक्रार करायला पोलिसांकडे जायचीही भीती वाटते. एजंटला नेमकं हेच पाहिजे असतं.

हे कुठवर जातं बघा. थायलंडच्या नोकरीचं सांगून आयटीतल्या पोरांना म्यानमारमध्ये नेलं जातंय, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. बँकॉकला उतरायचं, तिथून गाडीनं सीमेवरचं मे सोट, आणि मोई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावाडी. तिथं मोठ्या कंपाउंडमध्ये पासपोर्ट काढून घेतात. काम काय, तर खोट्या प्रोफाइलवरून लोकांशी गोड बोलून त्यांना पैशाला फसवायचं. नाही म्हटलं तर मार, आणि सुटायचं तर घरच्यांनी पैसे भरायचे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरनं ६० हून जास्त जणांना सोडवलं आणि पाच जणांना अटक केली.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' असतो. त्याला सौदी, कुवेत, थायलंड अशा १८ देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते, कागद तपासले जातात. दहावी पास पोराला ही मंजुरी लागतच नाही. म्हणजे लातूरला क्लास लावून बारावी झालेला, पुढं डिग्री घेतलेला पोरगा निघाला की त्याचे कागद बघणारं मध्ये कुणी नाही! शिकलाय, त्याला कळतंय, असं धरलेलं असतं.

तर मग आपणच बघायचं. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करायला सरकारी नोंदणी लागते. एजंट हैदराबादचा असो, मुंबईचा असो की गंजगोलाईत ऑफिस टाकून बसलेला, त्याला नोंदणी क्रमांक मागा. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो टाकून परवाना चालू आहे का बघा. एवढ्यावर थांबू नका. खऱ्या एजन्सीचं नाव आणि नंबर छापून फसवणारेही असतात. म्हणून पोर्टलवर दिलेल्या फोनवरच लावा आणि विचारा, "हा माणूस तुमचाच का?"

आपल्याकडं अडचण अशी की मधला माणूस पाहुण्यातला निघतो. "मामाच्या ओळखीचा हाय, त्याला काय नंबर विचारायचा?" विचारायचा! मामाची ओळख म्हणजे परवाना नव्हे.

पैशाचंही ऐका. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये सेवाशुल्क घेता येतं, जीएसटी धरून ३५,४००. तेही पावती देऊन. दोन लाख कुणाच्या तरी खासगी फोनपेवर मागितले, तर विषय तिथंच संपवा.

शंका असेल तर जाण्याआधी १८००-११-३०९० या सरकारी टोल-फ्री हेल्पलाइनला विचारा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा. तासाभराचा उशीरही महागात पडतो.

आणि सगळं नीट तपासून जाणार असाल, तरी पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्राची झेरॉक्स घरी ठेवून जा. तिथं अडकलात तर भारतीय दूतावासाकडं किंवा सरकारच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार घरच्यांनाच करावी लागेल, आणि तेव्हा पासपोर्ट नंबर त्यांच्या हातात पाहिजे.