वावरात पिकते, ते ताटात का येत नाही?

मागच्या हंगामात सोयाबीनला काय भाव मिळाला, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. तुरीचे पोते कितीला गेले, हमाली किती लागली, तोलाई किती कापली, हेही तुम्ही पैशापैशाने सांगाल. आता एक वेगळा प्रश्न. तुमच्या घरात दोन वर्षांचे लेकरू असेल, तर त्याचे वजन आज किती आहे?

बहुतेक घरांत या प्रश्नावर एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले जाते. 'अंगणवाडीवाल्या बाईनं मोजलं होतं बा, किती भरलं ते ध्यानात नाही,' असे उत्तर येते. पोत्याचे वजन पाठ आणि पोटच्या गोळ्याचे ठाऊक नाही, असा हा प्रकार आहे.

हिशेब तसा सोपा आहे. तीन किलोचे जन्मलेले बाळ पाच-सहा महिन्यांत दुप्पट भरते, वर्षाला तिप्पट होते आणि दोन वर्षांचे झाले की साधारण ११ ते १२ किलोपर्यंत जाते. आपल्याकडची किती मुले या हिशेबात बसतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांमागे ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी आणि ३६ मुले वजनाने कमी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील १०० पैकी ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून चार जिल्हे घेतले. नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचे उस्मानाबाद आणि आपला वाशीम. या निवडीत आरोग्य आणि पोषण हा एक मोठा निकष होता. म्हणजे ही गोष्ट दूरच्या कुठल्या मेळघाटाची नाही, आपल्या मंगरूळपीरच्या उंबऱ्याच्या आतली आहे.

ज्वारी गेली, सोबत बरेच काही गेले

आपल्या तालुक्यातला जुना माणूस 'हायब्रीड' म्हणतो, तेव्हा त्याला संकरित ज्वारीच म्हणायचे असते. देशातला ज्वारीचा पहिला संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते आणि त्यांनी या ज्वारीचा ध्यास घेतला होता. पुढे वऱ्हाडात घरोघर तीच भाकर भाजली गेली. मग सोयाबीन आले. साडेतीन महिन्यांत निघणारे, दिवाळीच्या आत हातात पैसा देणारे पीक. ज्वारीला पाखरे आणि रानडुकरे, ऐन काढणीत पाऊस आला की दाणा काळा, कणसे खुडायला मजूर नाही आणि भावही नाही. शेतकऱ्याने ज्वारी सोडली, त्यात त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

पण ज्वारी एकटी गेली नाही. तिच्या तासांत मूग, उडीद, बरबटी असायची. धुऱ्यावर अंबाडी आणि तीळ असायचे. रब्बीत कुठे जवस, कुठे करडई असायची. ही पिके बाजारासाठी नव्हती, घरच्या मडक्यांसाठी होती. आज सलग सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो, पोट भरते, पण ताटातले प्रकार कमी झाले.

जुने सगळे सोन्याचे होते, असे मात्र समजू नका. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीसारख्या कामांवर सुकडी खाऊन माणसांनी दिवस काढले, हे तुमच्या घरातल्या बुढीला विचारा. तेव्हा धान्यच नव्हते. आज धान्य आहे, तरी लेकरू वाळते. हे कोडे आपल्याला सोडवायचे आहे.

वरणाचे पाणी आणि वाटीएवढे पोट

कोड्याची पहिली गाठ सहाव्या महिन्याला बसते. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते, वरचे पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतर मात्र नुसते दूध पुरत नाही. आपल्याकडे इथेच उशीर होतो. 'अजून दात कुठं आले, त्याले भाकर पचत नाई,' म्हणून आठ-आठ, दहा-दहा महिने बाळ दुधावरच राहते. नाहीतर त्याला वरणाचे वरचे पाणी पाजले जाते.

आता विचार करा. आठ किलोच्या बाळाचे पोट साधारण एका मोठ्या वाटीएवढे असते. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली, तर डाळ राहिली गंजाच्या बुडाशी आणि पोट भरले पाण्याने. लेकरू गप्प बसते, आईला वाटते जेवले. म्हणून खाऊ द्यायचा तो घट्ट द्या. चमचा तिरपा केला तर ओघळून जाणार नाही, इतका घट्ट. वरणाचे पाणी नको, वरणच हवे. मऊ भात, त्यात घोटलेले तुरीचे किंवा मुगाचे वरण आणि वरून एक लहान चमचा तूप किंवा घरचे तेल. पाच ग्रॅम तेलात ४५ उष्मांक असतात. लहान पोटात जास्त ताकद भरण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

किती वेळा द्यायचे? सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत सोबत चालू ठेवा. वर्षाच्या आत मध चाटवू नका, खाऊत मीठ-साखर घालू नका. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे लहान मुलांच्या हाती देऊ नका, ते श्वासनळीत अडकतात. कूट करून भातात मिसळा. आणि हगवण लागली म्हणून जेवण बंद करू नका. क्षारसंजीवनी, १४ दिवस झिंकच्या गोळ्या आणि नेहमीचे मऊ जेवण, हा त्यावरचा उतारा आहे.

आपल्या चुलीवरचे चांगले

लेकराला चांगले खाऊ घालायचे म्हणजे डब्यातली महागडी पावडर आणायची, असा समज शहरातून गावात आला. आपल्या चुलीकडे जरा पाहा.

ज्वारीच्या कण्या घ्या. ज्वारी ओलवून कांडावी, कोंडा पाखडावा, जाडसर भरडावी आणि मंद जाळावर शिजू द्यावी. खाली उतरवून ताक घातले की वर्षाच्या लेकराचे छान जेवण होते. अंबाडीची भाजी तुरीची डाळ आणि कण्या घालून शिजवण्याची आपली रीत तर तज्ज्ञांनी सांगावी अशी आहे. धान्य, डाळ आणि पाला एकाच भांड्यात. पालकाची डाळभाजी हा त्याच जातीचा पदार्थ. पहिल्या पावसानंतर तरोटा उगवतो, त्याला पैसा पडत नाही. कोवळी पाने खुडून, दोनदा धुऊन, मुगाची डाळ घालून शिजवली की दीड-दोन वर्षांचे पोरगेही भाकरीसोबत खाते. शेवग्याचे झाड परसात असेल, तर शेंगांइतकाच पालाही कामाचा आहे.

मुगाला, मटकीला मोड आणले तर पचायला हलके होतात आणि त्यांतले लोह अंगाला जास्त लागते. त्यावर लिंबू पिळले तर आणखी चांगले, कारण लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने पाल्यातले, डाळीतले लोह शरीर जास्त शोषून घेते. भाजीवर चिरलेला सांबार टाकायला विसरू नका. जवसाची चटणी मोठ्यांना तिखट करा, पण लहानासाठी तिखट घालण्याआधी चमचाभर बाजूला काढून ठेवा. घरात अंडे चालत असेल तर त्याच्यासारखे सोपे काही नाही. उकडून, कुस्करून, भातात कालवून द्या.

आणि आपले सोयाबीन? पोतीच्या पोती विकतो, पण घरात त्याचा दाणा शिजत नाही. त्यात ३५ टक्क्यांहून जास्त प्रथिने आहेत. मात्र कच्चे सोयाबीन दळून खाऊ नका. त्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने निकामी होतो. निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटे शिजवा, पाणी फेकून द्या, खडखडीत वाळवा आणि दहा किलो गव्हात एक किलो घालून दळून आणा. पोळीची चव फारशी बदलत नाही. शंभर ग्रॅम कणकेत दहा-अकरा ग्रॅम प्रथिने असतात, ती तेराच्या घरात जातात. घरच्या सोयाबीनमधून महिन्याला दोन-तीन किलो बाजूला ठेवल्याने बाजारातल्या पट्टीत कितीसा फरक पडणार?

चहा-टोस्ट आणि पाच रुपयांचे पाकीट

सकाळी गावातून चक्कर मारा. ओट्यावर बसलेल्या लेकराच्या हाती चहाची बशी आणि टोस्ट दिसेल. त्याची भूक त्यात मरते. शिवाय चहा जेवणातले लोह अंगी लागू देत नाही. मग नऊ वाजता ताटावर बसवले की ते तोंड फिरवते आणि आई म्हणते, 'पोट्टं जेवतच नाई वो बाई, काय करू?'

दुपारी ते रडले की आजोबा पाच रुपये देतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात रंगीत पाकिटांची माळ लटकलेलीच असते. तळलेले पीठ, मीठ आणि वारा. आजोबांची माया खरी आहे, तिला नावे ठेवायची नाहीत. पण दररोज पाच म्हणजे महिन्याला दीडशे रुपये होतात. त्या पैशांत मूठमूठ मूग, गुळाचा खडा, केळी, एखाद्या दिवशी अंडे येते. आजोबांनी खिशात पाकिटाऐवजी शेंगदाणा-गुळाचा लाडू ठेवला, तर नातू त्यांच्याच मागे धावेल.

माय वावरात, लेकरू घरी

हे सारे वाचून एखादी बाई म्हणेल, 'लिहायले काय जाते? मी निंदायले जाऊ, की दिवसातून चारदा चूल पेटवू?' तिचे म्हणणे रास्त आहे. आषाढ-श्रावणात निंदणाची घाई असते. ती पहाटे उठून स्वयंपाक करते, नऊला निघते आणि दिवेलागणीला परत येते. तेवढ्या वेळात लेकराची दोन-तीन जेवणे व्हायची असतात. ती आजीच्या किंवा मोठ्या बहिणीच्या हाती पडतात. बहीण स्वतःच सात-आठ वर्षांची असेल, तर ती भरवणार काय?

म्हणून हा प्रश्न एकट्या आईचा धरू नका. बापाने सकाळी वावरात जाण्याआधी एक वेळ भरवले, तर त्याची मान खाली जात नाही. लेकराची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटात ते किती जेवले हे कळत नाही, वेगळ्या वाटीत कळते. गव्हाचा, मुगाचा, शेंगदाण्याचा भाजून दळलेला सातू डब्यात भरून ठेवा. गरम पाणी किंवा दूध आणि गूळ घातला की दुपारचा खाऊ पाच मिनिटांत होतो, चूल पेटवावी लागत नाही. आजीला पदार्थ शिकवण्याची गरज नाही. 'घट्ट द्या, थोडे थोडे द्या, चहा देऊ नका' एवढे तिला पटवा.

अंगणवाडीचा उपयोग करून घ्या. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळण्याचा हक्क दिला. तीन वर्षांखालच्या मुलाचा आहार घरी दिला जातो, त्याहून मोठ्याला तिथे गरम जेवण. काही घरांत तो घरपोच आहार सगळ्यांत वाटला जातो, कुठे जनावरापुढेही जातो. तो त्या लेकराच्या नावचा आहे, त्याच्याच तोंडी जाऊ द्या. चांगला नसेल, वेळेवर मिळत नसेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर घरगुती उपायांवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान असेल, तर सावध व्हा. लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर द्यायचे असते. बाटली घरी आणून फडताळात ठेवू नका. जंताची गोळीही चुकवू नका, नाहीतर खाल्लेले जंतांच्या पोटी जाते.

येत्या मृगाला

बियाणे घ्यायला मंगरूळपीरला किंवा शेलूबाजारला जाल, तेव्हा सोयाबीनच्या थैल्यांसोबत किलोभर ज्वारी, पावभर मूग, मूठभर बरबटी आणि अंबाडी घ्या. एकरभर नको, दहा-बारा तासे पुरेत. घराजवळच्या पट्टीत पेरा, म्हणजे पाखरे हाकलायला सोपे जाईल. त्या तासांचा माल विकायचा नाही, असे पेरतानाच घरात ठरवून टाका. कडबा बैलांना होईल, कण्या लेकरांना.

आणि पेरणीच्या घाईत शिरण्यापूर्वी एक काम करा. उद्या सकाळी लेकराला घेऊन दोघे नवरा-बायको अंगणवाडीत जा, वजन करा आणि तो आकडा सोयाबीनची पट्टी ठेवता त्याच वहीत तारीख घालून लिहून ठेवा. दर महिन्याला त्याखाली पुढचा आकडा लिहा. दोन महिने आकडा वाढला नाही, तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका.