फाइल एकीकडे, पत्ता दुसरीकडे

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावासाठी छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन बांधताना सगळ्यात जास्त विचार मी वेब-पत्त्यांचा केला. सर्व्हरवर पीडीएफ ‘स्कॅन_००४७’ अशा नावानं पडून असली तरी चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा पत्ता मात्र ‘/राणीसावरगाव/ग्रामसभा-सूचना’ असा, वाचताच कळणारा हवा.

मागणी आली की एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर ती अ‍ॅप्लिकेशनकडे देतं. अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसच्या तक्त्यात पत्ता शोधतं, पण फाइल स्वतः वाचत बसत नाही. ‘एक्स-एक्सेल-रिडायरेक्ट’ या हेडरमध्ये आतला मार्ग लिहून देतं आणि पुढचं वाहतुकीचं काम एनजिनएक्स करतं. फाइली ठेवलेला फोल्डर ‘इंटर्नल’ ठरवलेला असतो. बाहेरून थेट मागितला तर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. आणि फाइल तक्त्यातूनच सापडत असल्यानं, पत्त्यात दोन टिंबं घालून वरच्या फोल्डरात शिरू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

खरी कसोटी देवनागरीची. ‘राणीसावरगाव’ म्हणजे युनिकोडची ११ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, पत्त्यात प्रत्येक बाइटचं टक्केचिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे एका गावाच्या नावाची ९९ अक्षरं! लिंक कॉपी केली की अनेकदा हीच माळ उमटते, आणि ती पाहून माणूस फसवणुकीच्या शंकेनं थबकतो. त्याची शंका मला रास्त वाटते. म्हणून प्रत्येक फाइलला मी रोमन अक्षरांतला छोटा पत्ताही देतो.

त्याहून चिवट ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द. कुणी तो ‘ऱ’ घेऊन टाइप करतं, कुणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, हा फरक मिटवत नाही. तो नियम आपणच लिहायचा, आणि तक्त्यात शोधण्याआधी लावायचा. ‘राणी सावरगाव’ असं तोडून लिहिणारेही आहेत. त्यांना ३०१, म्हणजे कायमचं पुनर्निर्देशन, देऊन मूळ पत्त्यावर न्यायचं. पत्ते बदलू नयेत, हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच कळकळीनं मांडलं होतं.

सूचना बदलते, पत्ता तोच राहतो. म्हणून तिथं वर्षभराची कॅश लावत नाही, ईटॅग, म्हणजे फाइलच्या आवृत्तीची खूण, देतो. ब्राउझरनं पुन्हा विचारलं आणि फाइल तीच असेल तर ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, मिळतं आणि पीडीएफ पुन्हा उतरत नाही. वर्षभराची कॅश फक्त ज्यांच्या नावातच आशयावरून काढलेला हॅश आहे त्या चित्रांना.