काळजातील गोळी

मराठी बोलीत ‘काळीज’ हा शब्द हृदय आणि यकृत या दोहोंसाठी सारख्याच सैलपणाने वापरला जातो. वाघाचे काळीज म्हणणाऱ्याच्या मनात छातीतली धडधड असते, पण खाटकाच्या दुकानी कलेजी मागणाऱ्याच्या पिशवीत पडते ते यकृतच. या संदिग्धतेला शारीरशास्त्राचा थोडा आधारही आहे, कारण प्रौढ माणसाच्या या दीड किलोच्या अवयवातून दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त, म्हणजे हृदयाने फेकलेल्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा, वाहत असते, आणि सुश्रुताने यकृत व प्लीहा यांना रक्ताचे स्थान म्हटले ते उगाच नव्हे. अशा रक्ताने चिंब आणि ठिसूळ पिंडातून बंदुकीची गोळी आरपार गेली, तर शल्यवैद्याने करावे काय? टाका घालून दोरा आवळावा, तर तो खरवसातून जावा तसा मांस चिरीत बाहेर येतो. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे मिळत गेली, त्यांचा इतिहास शौर्याचा आहे त्यापेक्षा अधिक हात आखडता घ्यायला शिकण्याचा आहे, असे माझे मत झाले आहे.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फोन ब्रून्स या जर्मन शल्यवैद्याने गोळीने फाटलेल्या यकृताचा एक तुकडा कापून काढल्याचा दाखला आहे. पण तो अपवाद होता. त्या काळचा सार्वत्रिक शिरस्ता कोणता होता, हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या हकीकतीवरून कळते. २ जुलै १८८१ रोजी त्यांच्या पाठीत गोळी लागली. ती उजवीकडे वळून यकृतात शिरली असावी, असा वैद्यांनी कयास बांधला आणि न धुतलेली बोटे व सळ्या जखमेत घालून तिचा शोध मांडला. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांनी धातू हुडकणारे यंत्र आणले, तेही मुख्य वैद्यांच्या आग्रहामुळे उजव्याच बाजूला फिरवले गेले. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले, तेव्हा शवविच्छेदनात यकृत अक्षत आढळले. गोळी डावीकडे, अग्निपिंडाजवळ, निरुपद्रवीपणे पडून होती. नसलेल्या यकृतजखमेवर केलेल्या उपचारांनी जो पू झाला, त्याने बहुधा त्यांचा घात केला. त्याच जुलैत अ‍ॅरिझोनातील टूमस्टोन या खाणगावी जॉर्ज गुडफेलो यांनी पोटात गोळी लागलेल्या एका खाणकामगाराचे उदर रीतसर उघडले होते, ही विसंगती इतिहासाने मोठ्या मौजेने नोंदवून ठेवली आहे.

पुढे १८९९ च्या बोअर युद्धात ब्रिटिश शल्यवैद्यांनी अनुभवावरून असा फैसला दिला, की पोटातल्या गोळीला हात लावू नये. रशिया-जपान युद्धात वेरा गेद्रॉइत्स या रशियन विदुषीने आघाडीलगत उभ्या केलेल्या रेल्वेगाडीत, जखम होऊन काही तासच लोटलेल्या सैनिकांवर उदरच्छेदन करून उलट पुरावा रुजू केला. परंतु तिकडे लक्ष द्यायला पश्चिमेकडील दरबारांना सवड नव्हती, आणि पहिल्या महायुद्धाचा आरंभीचा काळ जुन्याच हुकमाच्या अंमलाखाली गेला.

१९०८ साली ग्लासगोचे जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला, आणि या विषयातील सर्वांत टिकाऊ युक्ती त्यात आहे. यकृतात शिरणाऱ्या प्रवेशिका नीलेची व यकृत रोहिणीची जुडी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरली, की रक्ताचा लोंढा आटतो आणि वैद्याला जखम दिसू लागते. प्रिंगल यांनी ज्या जखमींवर शस्त्रक्रिया केली, त्यांतला एकही शेवटी वाचला नाही. युक्ती यशस्वी ठरली ती सशांवरच्या प्रयोगात. अपयशाची कैफियत इतक्या सरळपणे मांडणारा आणि तरीही शंभर वर्षांहून अधिक काळ दररोज वापरला जाणारा दुसरा वैद्यकीय लेख मला तरी ठाऊक नाही.

पहिल्या महायुद्धात यकृताच्या जखमींपैकी सुमारे ६६ टक्के दगावले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौजेच्या एका शल्यपथकाने ८२९ यकृतजखमींची नोंद ठेवली, त्यात मृत्यूचे प्रमाण २७ टक्क्यांवर आले होते. या उताराचे श्रेय सुरीपेक्षा बाटलीबंद रक्ताला, प्रतिजैविकांना आणि जखमींना लवकर उचलून आणणाऱ्या गाड्यांना अधिक द्यावे लागते.

कापसाच्या जाळीच्या पट्ट्यांची कहाणी मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रक्त थांबवण्यासाठी त्या यकृताच्या भेगेत कोंबून टोक जखमेबाहेर ठेवीत आणि काही दिवसांनी ओढून काढीत. तेव्हा एक तर पू झालेला असे, नाही तर रक्त पुन्हा उसळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रीत जवळजवळ बरखास्त झाली, आणि तिच्या जागी धाडसी शस्त्रक्रियांचे युग आले. बोटांनी यकृत फोडून आतली तुटलेली नाडी हुडकावी, वपाजालाची झालर भेगेत भरावी, अधोमहानीलेत नळी घालून रक्त परस्पर हृदयाकडे वळवावे, अशा एकाहून एक तजविजी पुढे आल्या. पण तासन्‌तास उघडे पडलेले पोट थंड होते, रक्त आम्ल होते, मग गोठेनासेच होते. आणि मोठ्या कौशल्याने शिवलेला रोगी टेबलावरच संपतो. १९८३ साली अटलांटाचे हार्लन स्टोन यांनी रक्त गोठेनासे झालेल्या ३१ रोग्यांचा हिशेब मांडला : शस्त्रक्रिया नेटाने पूर्ण केलेल्या १४ पैकी एक वाचला, पोटात पट्ट्या दाबून, काम अर्धवट टाकून बाहेर आलेल्या १७ पैकी ११ वाचले. ह्यूस्टनच्या शल्यवैद्यांनी त्याआधी दोनच वर्षे पट्ट्यांचे पुनर्वसन सुचवले होते, आणि १९९३ मध्ये फिलाडेल्फियात या साऱ्या पद्धतीस नौदलाच्या भाषेतले ‘डॅमेज कंट्रोल’ हे नाव मिळाले. फुटलेल्या जहाजाचे भोक बुजवून आधी बंदर गाठायचे, रंगरंगोटी मागाहून. पट्ट्या त्याच, पण आता टोक बाहेर न ठेवता पोट झाकायचे, रोग्याला ऊब व रक्त द्यायचे, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा उघडून त्या काढायच्या.

काही जखमा मात्र कोणत्याही मसलतीला दाद देत नाहीत. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा आरोपी ली हार्वी ऑस्वाल्ड याला लागलेली एकच गोळी प्लीहा, जठर, महारोहिणी, अधोमहानीला, उजवे मूत्रपिंड आणि यकृत भेदून गेली. टॉम शायर्स आणि सहकाऱ्यांनी मोठ्या रक्तस्रावावर ताबा मिळवला, तोच हृदय थांबले. गोळी लागल्यापासून दोन तासही झाले नव्हते.

याउलट साध्या साधनांतून निघालेली एक युक्ती मला विशेष प्रिय आहे. यकृताच्या दोन्ही खंडांतून आरपार गेलेल्या गोळीचा मार्ग उघडून दाखवणे म्हणजे यकृताचे दोन तुकडे करणे. तेव्हा ब्राझीलच्या रेनातो पोजेट्टी यांनी व सहकाऱ्यांनी साध्या रबरी नळ्यांपासून लांबट फुगा तयार करून तो त्या बोगद्यात घातला व फुगवला. आतून दाब पडून रक्त थांबते. काही दिवसांनी फुगा रिकामा करावा आणि हलकेच ओढून घ्यावा. १९९२ साली हा वृत्तान्त छापून आला.

शेवटी गाडी, एका अर्थाने, बोअर युद्धाच्या मुक्कामी परतली, आणि तीही दक्षिण आफ्रिकेतच. केपटाऊनच्या ग्रूटे शूर इस्पितळात नवसारिया व निकोल यांनी यकृतात गोळी लागलेल्या सुमारे एक-तृतीयांश रोग्यांवर प्रारंभी शस्त्रक्रियाच केली नाही, आणि त्यांतील बहुतेक बरे झाले. पण या वाट पाहण्यात आणि त्या वाट पाहण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे : येथे रोगी शुद्धीवर हवा, नाडी स्थिर हवी, पोट मऊ हवे, सीटी स्कॅनमध्ये गोळीचा मार्ग दिसायला हवा, आणि वारंवार पोटावर जाणत्या हाताने तपासणी व्हायला हवी, यातले एक जरी नसेल, तर सुरी घ्यावी. गोळीच्या शोधापायी मात्र आता कोणी पोट उघडीत नाही. ती यकृतातच राहू देऊन रोग्याला घरी धाडतात.