जुनी मोटारसायकल घेताय? ‘पीयूसी चालू आहे’ एवढ्यावर जाऊ नका



शेतरस्ता, ओढा, घाट यासाठी उंच, जाड स्प्रिंगची मोटारसायकल (एक्सपल्स, हिमालयन, जुनी इम्पल्स वगैरे) सेकंडहँड घेण्याकडे बऱ्याच जणांचा कल आहे. विकणारा म्हणतो, “कागद क्लियर, पीयूसी चालू, काही बघायची गरज नाही.” इथेच फसगत होते.

*कागद काय सांगतो, काय नाही?*

👉 *पीयूसी* : पेट्रोल गाडीच्या धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, एवढंच मोजतात. ब्रेक, हँडल, चाक याला कोणी हातही लावत नाही.

👉 *आरसी* : खासगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांची असते. त्या १५ वर्षांत गाडीची यांत्रिक तपासणी करून घेण्याची सक्ती नाही. म्हणजे ८ वर्षांची गाडी ‘पासिंग चालू’ असली तरी तिचे ब्रेक आजवर कुठल्याच अधिकाऱ्याने पाहिलेले नसतील.

👉 *१५ वर्षांवरची गाडी* : आरटीओत दाखवून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. पण ती तपासणी त्या एका दिवसाची. नंतर दोन पावसाळे चिखलात गेले असतील तर तो शिक्का गाडीची हमी देत नाही.

म्हणून खरी तपासणी आपणच करायची. अर्धा तास लागतो.

*गाडी बघताना*

१) *इंजिन थंड असताना जा.* मालकाला आधीच सांगा, चालू करून ठेवू नका. सुरू केल्यावर निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑईल जाळतंय, खर्च मोठा. ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

२) *हँडल.* पुढचं चाक उचलून धरा, हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर बेअरिंग गेलंय. मग फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा. खडखड नको.

३) *फोर्क.* पाइपवर ऑईल ओघळलंय का? गंजाचे खड्डे आहेत का? खड्डे असतील तर नवीन सीलही लवकर फाटतं.

४) *चाक.* फिरवून बघा, रिम डुलते का. तारांच्या स्पोकवर पाना हलकेच वाजवा. बद्द आवाज आला तो स्पोक सैल.

५) *चेसिस.* हँडलखालचा सांधा टॉर्च लावून बघा. ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर गाडी आपटलेली असू शकते. दुसऱ्याला सरळ रस्त्यावर हळू चालवायला सांगा, मागून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत हवीत.

६) *ब्रेक.* मोकळ्या जागी आधी हळू वेगात दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. डिस्कचा लिव्हर स्पंजासारखा दबला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा गळती आहे. मागे दुधाचे कॅन लावून घाट उतरायचाय, इथे तडजोड नको.

७) *चेन, टायर.* चक्राचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर पूर्ण सेट बदलावा लागेल. मोठ्या गुठळ्यांचे टायर मातीत चांगले, पण ओल्या डांबरावर पकड कमी.

*पैसे देण्याआधी*

✅ चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा.
✅ एमपरिवहन ॲपवर मालक, विमा, कर्जाची नोंद बघा. दंड बाकी आहे का तेही बघा.
✅ कर्जाची नोंद असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या.
✅ फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव लगेच बदला. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवा.

*विकणाऱ्या सभासदांनीही ध्यानात ठेवा:* नाव बदललं नाही आणि पुढच्याने अपघात केला, तर भरपाईचा दावा नोंदीवरच्या मालकावर, म्हणजे तुमच्यावर येतो. नुसत्या स्टॅम्पपेपरच्या भरवशावर गाडी देऊ नका.

वरच्यापैकी २, ५ किंवा ६ मध्ये खोट निघाली तर दुरुस्तीचा अंदाज आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून घ्या, तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. मालक मिस्त्रीला गाडी दाखवायलाच नाही म्हणाला, तर सौदा सोडा. गाडी दुसरी मिळेल.

हा मेसेज जपून ठेवा, गाडी बघायला जाताना उघडा. घरातल्या तरुण पोरांनाही पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾