"आता होत नाही गं" असं ताई म्हणतात तेव्हा

कामात मन लागत नाही, अंगात त्राण नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटतं, हे आपण बायका एकमेकींना कितीदा सांगतो. आणि समोरची काय म्हणते? "होईल गं नीट, हिंमत धर." बचत गटांच्या समन्वयक म्हणून फिरताना आम्हीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. आज थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण हिंमत धर म्हणण्यातच आमची एकदा चूक झाली.

आमच्या एका गटाचं दप्तर लिहिणाऱ्या ताई. नाव-गाव सांगत नाही, ऐकत असतील तर त्या ओळखतील आणि हसतील. बारावी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. त्याचाच त्यांना त्रास झाला, कारण एका गटाचं दप्तर लिहिता लिहिता शेजारच्या तीन गटांच्या वह्याही त्यांच्याकडे आल्या. दिवसा शेतात सोयाबीन, रात्री सगळ्यांची जेवणं उरकली की वह्या. त्यात एका सभासदाचे हप्ते थकले. ताई एकट्याच विचारायला गेल्या, तर त्या घरातला माणूस दारात उभा राहून नको ते बोलला. त्यानंतर ताई बैठकीला येईनात. विचारलं तर एवढंच, "आता होत नाही गं."

आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो आणि तासभर समजावलं. सावित्रीबाईंचं उदाहरण दिलं, अंगावर शेण-चिखल झेलून त्या शाळेत जात होत्या म्हणून. ताई मान खाली घालून ऐकत राहिल्या. परत निघालो तेव्हा वाटेत आशाताई भेटल्या. त्यांनी एकच विचारलं, "रक्त तपासलंय का त्यांचं?" तपासलं. हिमोग्लोबिन निघालं ८.४. बाईमाणसाचं, गरोदर नसेल तर, निदान १२ तरी असायला हवं. आम्ही तासभर भाषण दिलं ते अशा बाईला, जिला उंबऱ्यापासून हातपंपापर्यंत जाताना दम लागत होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच जणी तरी धरून चाला. धाप लागते, छातीत धडधडतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, हिशोबात चुका होतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाई आळशी झाली किंवा मनानं खचली. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे, की थकवा महिना-दोन महिने हटत नसेल तर आधी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासा. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, कधी पोटात मळमळतं, म्हणून कितीतरी जणी आठवड्यात गोळ्या सोडतात. काळं होणं अपेक्षितच असतं, घाबरू नका. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळा. आणि जेवल्या जेवल्या चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आम्हाला स्वतःला हे सगळ्यात अवघड गेलं.

रक्त भरून आलं की सगळं झालं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कामाच्या थकव्याचं वर्णन केलं त्यात तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. याचं कारण त्यांनी दिलं, कामाचा ताण बराच काळ राहिला आणि त्यावर काही उपाय झाला नाही. उपाय झाला नाही, हे महत्त्वाचं. म्हणजे नुसती बाई कणखर करून भागत नाही, काम बदलावं लागतं.

ताईंच्या बाबतीत आम्ही काय बदललं? पंचसूत्रीत हिशोब लिहिणं आहेच, पण ते बैठकीत सगळ्यांसमोर लिहायचं असतं. घरी नेऊन रात्री लिहायची सवय आम्हीच चालवून घेतली होती, ती मोडली. दोन गटांच्या वह्या त्या त्या गटातल्या मुलींकडे गेल्या. पहिले दोन महिने बेरजा चुकल्या, खाडाखोड झाली, चालतं. थकलेल्या हप्त्यासाठी आता कधीच एकीनं जायचं नाही, अध्यक्ष आणि आणखी दोघी बरोबर. तो माणूस तिघींसमोर तसं बोलला नाही. घरच्या कामाचं मात्र आम्हाला फारसं जमलेलं नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे जवळजवळ पाच तास त्यात जातात, पुरुषांचे दीड तासाच्या आसपास. तेही जे पुरुष करतात त्यांचे. ताईंचा मुलगा आता संध्याकाळचं पाणी भरतो, एवढंच झालं.

राहिला कामात मन लागण्याचा प्रश्न. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासक बायकांनी २००१ साली इस्पितळातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं. काम एकच, पण काही जण म्हणत आम्ही फरशी पुसतो, आणि काही स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांतले समजत. ते रुग्णाशी दोन शब्द बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत. आम्हाला हे पटलं, पण एक अट घालून. अर्थ सापडला म्हणून मानधन कमी किंवा उशिरा चालेल, असं कुणी म्हणू लागलं तर ते ऐकू नका.

ताईंना वहीत नुसते आकडे दिसायचे. म्हणून आता बैठकीत शेवटची दहा मिनिटं एकच विचारतो, मागच्या कर्जाचं काय झालं? कुणी सांगतं शेळी व्याली, कुणी सांगतं फवारा पंप आणला. एकदा एक जण म्हणाली, "लेकीची नर्सिंगची फी भरली, ती पहिल्या वर्षाला पास झाली." ताईंनी मागची पानं उलटून ती नोंद शोधली. त्यांच्याच अक्षरातली होती. बराच वेळ त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं होतं.

आणखी एक. झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर बैठकीची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

ताईंचं हिमोग्लोबिन मागच्या वेळी ११ ला आलं होतं. गोळ्या चालू आहेत. त्या थकलेल्या सभासदाचे अजून चार हप्ते बाकी आहेत, पण ती स्वतः बैठकीला यायला लागली आहे.