नक्षत्रांचीं गाणीं आणि बदललेला पाऊस

भाईंदरच्या खाडीकांठच्या भातशेतकऱ्यांपाशीं पावसाचीं दोन दप्तरें असत. एक सरकारी, त्यांतील पर्जन्याचे आंकडे आम्हीं महसूल खात्याच्या नोकरींत कित्येक वर्षें उतरून घेतले. दुसरें तोंडीं, तें आगरी बायकांच्या लावणीच्या गाण्यांत, उत्तनच्या कोळ्यांच्या नारळी पौर्णिमेच्या गीतांत व सहदेव-भाडळीच्या नांवें चालत आलेल्या म्हणींत सांठविलेलें. पहिलें अचूक खरें. परंतु शेतकऱ्यास मुखोद्गत असे तें दुसरेंच.

या तोंडी दप्तराची रचना चतुराईची आहे. सूर्य ज्या नक्षत्रांत असेल त्यावरून पावसाळ्याचे तेरा-चौदा दिवसांचे भाग पाडले. मृग जूनच्या ७-८ तारखेस लागतो, हस्त सप्टेंबरअखेर. पंचांगकर्त्यांनीं प्रत्येक नक्षत्रास वाहन दिलें. बेडूक, म्हैस वा हत्ती आला कीं भरपूर पावसाची आशा; कोल्हा वा मेंढा आला कीं ओढीची भीति. अक्षरशत्रूच्याही ध्यानांत राहावें अशी ही चित्रकथाच होय.

परंतु या कथेचें गणित आतां चुकूं लागलें आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हवामान खात्यानें २०२० सालीं मुंबईंतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. म्हणजे हळवें भात कापणीस आलें तरी पाऊस उभाच. हवा एक अंश तापली कीं तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक बाष्प मावतें, हें त्याचें एक कारण.

२०२५ सालीं मोसमी पाऊस मुंबईंत २६ मे रोजींच दाखल झाला. एका वर्षावरून हवामानाचा निवाडा करणें योग्य नव्हे. तथापि आमच्या एका आप्ताची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्याचा विचार वाफे कोरडेच पेरण्याचा होता. "मृगाआधीं घाई करूं नकोस," असें आम्हींच त्यास जुन्या म्हणीच्या बळावर बजाविलें. पाऊस आधींच कोसळला, वाफ्यांत पाणी तुंबलें, रोप मागाहून चिखलांत टाकावें लागलें व लावणी लांबली. त्यानें आम्हांस दोष दिला नाहीं. आमच्या मनास मात्र तें लागून राहिलें.

मग हीं गाणीं टाकून द्यावीं काय? आमचें मत तसें नाहीं. जिवंत कला काळाबरोबर चालते. वारल्यांच्या लग्नघरच्या भिंतीवरील चित्रें जिव्या सोमा म्हसे यांनीं कागदावर आणलीं, त्यांत नवे विषय घातले. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. जोतीराव फुल्यांनीं १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत माती व पाणी अडविण्याची गोष्ट शेतकऱ्याच्याच भाषेंत मांडली. आंकडा बुद्धीस पटतो, पण गोष्ट घरांत राहते.

करितां आमची सूचना अशी. पेरणीचा दिवस ठरवितांना हवामान खात्याचा अंदाज प्रमाण मानावा. प्रत्येक गांवीं नक्षत्रवार पावसाची वही ठेवावी आणि तिच्याच मागील पानांवर वृद्ध बायकांकडून जुनीं गाणीं उतरून घ्यावीं. दोन्ही दप्तरें प्रथमच एका बासनांत येतील.

त्या वर्षीं लांबलेल्या लावणीच्या वेळीं आमच्या आप्ताच्या वृद्ध मातोश्रींनीं जुन्या गाण्यांत मृगाआधीं दारीं आलेल्या पाहुण्याचें एक नवें कडवें घातलें. बांधावर उभें राहून आम्हीं तें ऐकिलें, आणि घरीं येऊन प्रथम तेंच वहींत लिहिलें.