निर्वासन (इतिहासातील संज्ञा)

निर्वासन म्हणजे सत्तेने एखाद्या व्यक्तीस तिच्या देशातून वा प्रदेशातून बाहेर काढणे. जगाच्या इतिहासात पदच्युत राजे, पराभूत सेनानी व राजकीय विरोधक यांच्या संदर्भात ही संज्ञा वारंवार येते. मराठी इतिहासलेखनात तिच्या जोडीने हद्दपारी, स्थानबद्धता, नजरकैद, काळे पाणी, राजबंदी असे शब्द येतात आणि पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. वस्तुतः आदेश न्यायालयाचा होता की शासनाचा, ठिकाण सोडण्यास मनाई होती की तेथे जाण्यास, आणि त्यास मुदत होती का, हे या शब्दांवरून कळावयास हवे. रत्नागिरी शहराच्या इतिहासात यांपैकी अनेक प्रकारांची उदाहरणे मिळतात.

अर्थभेद

हद्दपारीत ठरावीक हद्दीत राहण्यास मनाई असते. अन्यत्र राहण्यास आडकाठी नसते. पोलिसी व्यवहारातील तडीपारी हा तिचाच प्रकार होय. स्थानबद्धता याच्या उलट असून तीत नेमून दिलेली हद्द ओलांडता येत नाही. ही हद्द एखाद्या वाड्यापुरती असून भोवती पहारा असेल, तर तिला नजरकैद म्हणतात. १६६६ मध्ये आग्र्यास छत्रपती शिवाजी महाराजांची स्थिती अशी होती. काळे पाणी ही मात्र खटला चालून दिली जाणारी शिक्षा होती. ‘निर्वासित’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्वासनाशी जोडलेला असला, तरी आज तो युद्ध वा फाळणीमुळे घरदार सोडावे लागलेल्यांसाठी रूढ आहे. त्यामुळे पदच्युत राजास निर्वासित म्हणणे दिशाभूल करणारे ठरते.

थिबा राजा

तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा याने मंडाले येथे शरणागती पत्करली. त्यास प्रथम मद्रासला व १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. त्याच्यावर खटला चालला नाही. अर्थात शिक्षा नव्हती आणि शिक्षेची मुदतही नव्हती. मायदेशाच्या दृष्टीने हे निर्वासन होते, तर रत्नागिरीच्या दृष्टीने स्थानबद्धता. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पूर्ण झाला. डिसेंबर १९१६ मध्ये, तीस वर्षांच्या वास्तव्यानंतर, राजाचे रत्नागिरीतच निधन झाले. त्याची समाधीही तेथेच आहे.

याच पद्धतीचा अवलंब इंग्रजांनी अन्यत्रही केला. नेपोलियनला १८१५ मध्ये सेंट हेलेना बेटावर, तर साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठवण्यात आले. बहादुरशाह जफर यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. त्यांच्यावर दिल्लीत खटला चालवून १८५८ मध्ये त्यांना रंगूनला नेण्यात आले. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात, अशी ही अदलाबदल होती. राजाला त्याच्या प्रजेपासून समुद्रापलीकडे ठेवणे, हा हेतू दोन्हीकडे एकच होता.

टिळक व सावरकर

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांना अंदमानास न पाठवता मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले व जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यापूर्वी, १९०७ मध्ये, लाला लजपतराय हेही मंडालेस होते. परंतु त्यांना १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली, खटल्याविना, पाठवले होते. लेखनात दोघांनाही राजबंदी म्हटले जाते, तथापि टिळकांना शिक्षेचा शेवट ठाऊक होता. लजपतरायांना तो ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

विनायक दामोदर सावरकर यांच्या बाबतीत दोन संज्ञा एकामागून एक लागू होतात. दोन जन्मठेपांच्या शिक्षेनंतर १९११ पासून ते अंदमानात होते; हे काळे पाणी. १९२१ मध्ये त्यांना भारतातील तुरुंगात आणले गेले. जानेवारी १९२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीविना जाऊ नये आणि राजकारणात भाग घेऊ नये, या पाच वर्षांच्या अटींवर त्यांना सोडण्यात आले, ही स्थानबद्धता. मुदत वेळोवेळी वाढत गेली व मे १९३७ मध्ये बंधने उठली. या तेरा वर्षांस सरसकट ‘रत्नागिरीची हद्दपारी’ म्हणणे चुकीचे आहे, कारण त्यांना रत्नागिरीत राहण्यास नव्हे, तर ती सोडण्यास मनाई होती.

थिबाची राणी सुपयालत हिला १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतण्याची अनुमती मिळाली, ती रंगूनपुरती. मंडालेस जाण्याची मुभा नसल्याने १९२५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती स्वदेशात असूनही आपल्या राजधानीतून हद्दपारच राहिली.